मुलगा गर्द घेतोय हे कळल्यावर: आधी काय, नंतर काय

बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. धुवायला काढलेल्या पॅन्टच्या खिशात जळका चांदीचा कागद सापडतो. त्या रात्री आरडाओरडा, एखादी थोबाडीत, आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. दुसऱ्या दिवशी पोराला खोलीत कोंडतात. चार दिवस तडफडेल, मग सुटेल, असा हिशेब. आठवडाभराने तो जेवायला लागतो, चेहऱ्यावर रया येते, मग गावी मामाकडे रवानगी. दीड महिन्याने परततो, जुन्या नाक्यावर जातो आणि पूर्वीइतकीच पुडी एका बैठकीत ओढतो. काही पोरं त्याच रात्री संडासात मरून पडलेली सापडतात.

व्यसनी मुलांच्या पालकांसमोर बसणं हे माझं रोजचं काम. या घरांत कष्टाला किंवा मायेला कुणी कमी पडलेलं नसतं. क्रम चुकलेला असतो. उपचाराची सोय लावायच्या आधीच सोडवायला घेतात आणि टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा शारीरिक त्रास, उतरली की उपचार संपले असं धरून चालतात. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

इथे लिहिलेलं गर्दला, म्हणजे ब्राऊन शुगरला (अशुद्ध हेरॉइनला), जसं लागू आहे तसंच ट्रामाडॉल-टॅपेंटाडॉलच्या गोळ्यांना, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला आणि नशेसाठी टोचल्या जाणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनांनाही. सगळी एकाच कुळातली, अफूच्या. दारू, गांजा, एमडी (मेफेड्रोन) यांची गणितं वेगळी आहेत, ती इथे लावू नका.

## सगळ्यात आधी: श्वास मंदावला तर

बाकीचं सावकाश वाचा. हा भाग आत्ता वाचा आणि घरातल्या आणखी एकाला वाचायला लावा.

डोस जास्त झाला की मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंद होतं. माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो. हाक मारा, खांदे हलवा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासा. तरी जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठ-दहाच्याही खाली आलाय, घशात गुळण्या केल्यासारखा घरघर आवाज येतोय, ओठ आणि नखं निळसर-राखाडी पडलीत, तर ती झोप नव्हे. "घोरतोय, घोरू दे, सकाळी बोलू" असं म्हणून दार लोटून घेतलेली घरं मला माहीत आहेत.

1. १०८ ला फोन करा, ११२ सुद्धा चालेल. पहिलं वाक्य एवढंच: "बेशुद्ध आहे, श्वास नीट नाही." पत्ता सांगा. इतिहास नंतर.
2. श्वास थांबला असेल किंवा एखाददुसराच येत असेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने दर पाच सेकंदांना एक श्वास द्या. छाती वर येतेय ना, ते बघा. नाडी लागत नसेल किंवा शरीरात कसलीच हालचाल नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. फोनवरचा माणूस सांगत राहतो.
3. श्वास बरा आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवा आणि वरचा गुडघा पुढे दुमडून ठेवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. जवळून हलू नका.
4. कॅज्युअल्टीत काय घेतलंय ते स्पष्ट सांगा. "काहीतरी खाल्लं असेल" म्हणत वेळ घालवू नका. यावर नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन आहे. दोन-चार मिनिटांत माणूस डोळे उघडतो.

सावधान: नॅलोक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. पोटातलं किंवा रक्तातलं औषध त्याहून जास्त वेळ टिकू शकतं. पोरगा उठून बसला, घरी जायचं म्हणून भांडायला लागला, तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हलवू नका. मिठाचं पाणी, लिंबू, ताक, डोक्यावर थंड पाण्याची बादली, दोघांनी खांद्याला धरून अंगणात चालवणं, यातलं काही करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं.

## टप्पा १: नेमकं काय, किती आणि कसं

संशय आणि खात्री यांच्या मधले दोन-तीन दिवस शांतपणे बघण्यात घालवा. काय बघायचं?

ओढणाऱ्यांच्या सामानात चांदी असते. सिगारेटच्या पाकिटातली, चॉकलेटची किंवा पोळ्या गुंडाळायची. उलगडून उजेडात धरा: खालून काजळी आणि वरच्या बाजूला गोगलगाय सरकून गेल्यासारखी तपकिरी रेघ. पोरं याला "चेस करणं" म्हणतात, कारण तापलेल्या चांदीवर पावडरीचा थेंब पळतो आणि त्याच्या धुरामागे नळी पळवावी लागते. नळी म्हणजे गुंडाळलेली नोट किंवा पेनाचं रिकामं टोपण. टोचणाऱ्यांच्या अंगावर मे महिन्यातही फुल बाह्यांचा शर्ट दिसतो.

शरीर जास्त बोलतं. घेतल्यावर डोळ्यांच्या बाहुल्या भरदुपारी नाही तर अंधाऱ्या खोलीतही टाचणीच्या टोकाएवढ्या राहतात. नाक आणि गाल खाजवणं, वाक्य अर्ध्यावर सोडून डुलकी, गोड खाण्याची ओढ, दिवसेंदिवस संडासला न होणं. उतरल्यावर याच्या उलट: जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, मोठ्या झालेल्या बाहुल्या. मला विचाराल तर सगळ्यात पक्की खूण ही: सकाळपासून "सर्दी झालीय, अंग मोडून आलंय" म्हणत पडलेला मुलगा अर्धा तास बाहेर जाऊन येतो आणि ठणठणीत होतो. अशी सर्दी जगात दुसरी नाही.

गोळ्या आणि सिरप यांचा वास येत नाही, धूर नाही, म्हणून महिनोन्महिने पत्ता लागत नाही. रिकाम्या स्ट्रिप आणि छोट्या बाटल्या गच्चीवरच्या टाकीमागे, बाइकच्या डिकीत, माळ्यावर शोधा. ट्रामाडॉल जास्त घेणाऱ्याला अचानक आकडी येऊ शकते. घरचे त्याला फिट्सचा आजार समजून वेगळ्याच डॉक्टरांकडे चकरा मारतात.

एक गोंधळ इथेच सोडवून घ्या. मालेगावाकडे "कुत्ता गोळी" म्हणतात ती अल्प्राझोलाम, झोपेच्या गोळ्यांच्या जातीची. अफूच्या कुळातली नाही. पण गर्दवर ही गोळी किंवा दारू घेतली तर श्वास बंद पडण्याचा धोका कितीतरी वाढतो. आणि तीही रोजची असेल तर एकदम थांबवल्यावर आकडी येते. त्यामुळे "सोबत आणखी काय घेतो" हा प्रश्न बिनमहत्त्वाचा समजू नका.

मेडिकलमध्ये लघवी तपासायच्या स्ट्रिप मिळतात. मॉर्फिनच्या स्ट्रिपवर गर्द साधारण दोन-तीन दिवसांपर्यंत दिसतं, कोडीनही दिसतं. ट्रामाडॉल त्यावर दिसत नाही. म्हणजे निकाल कोरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि बाथरूमच्या दारात उभं राहून जबरदस्तीने नमुना घेऊ नका. तो नळाचं पाणी देईल.

तपासा: पुडी सापडली तर ती "पुरावा" म्हणून पर्समध्ये घालून डॉक्टरांकडे आणू नका. बाळगणं हा गुन्हा आहे, मग ती आईच्या पर्समध्ये का असेना. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपचा फोटो काढा, तेवढा पुरतो.

## टप्पा २: वही, मग बोलणं

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर लिहा: काय घेतो, कधीपासून, दिवसातून किती वेळा, ओढतो की टोचतो, शेवटचं कधी घेतलं, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या, आधी कधी सोडायचा प्रयत्न झाला आणि किती दिवस टिकला. कावीळ, टीबी, आकडी, दमा असेल तर तेही. डॉक्टरांपुढे आई रडते, बाप चिडतो आणि मुलगा निम्मं सांगतो. वही मात्र विसरत नाही.

बोलणार कोण हे आधी ठरवा. एकच माणूस. सगळे काका, आत्या, शेजारचे निवृत्त हवालदार एकत्र बसले की त्याला चौकशी म्हणतात, आणि पोरगं अशी चौकशी खोटं बोलूनच पार करतं. कुणाचं तो अजून ऐकतो? ताई असेल, मावसभाऊ असेल, तालमीतले सर असतील. त्या एकाला पुढे करा.

वेळही निवडावी लागते. नशेत असताना बोललेलं त्याच्या लक्षात राहत नाही आणि टर्की लागलेली असताना त्याच्या डोक्यात पुढच्या पुडीशिवाय दुसरं काही नसतं. घेतल्यानंतर दोन-चार तासांनी, डुलक्या थांबल्यावर आणि त्रास सुरू व्हायच्या आधी, एक शांत फट असते. ती पकडा. ऐकायला विचित्र वाटतं, पण तो त्याच वेळी स्वतःच्या आवाजात बोलतो.

बोलण्यातून मिळवायचं एकच: डॉक्टरांकडे एक खेप. "आजपासून बंद" असं वदवून घेऊ नका. "तुला त्रास होतोय हे मला दिसतंय. बुधवारची वेळ घेतलीय, मी सोबत येते. तिथे काय करायचं ते तू ठरव." इतकं पुरे. शपथा नकोत. गर्द घेणाऱ्या मुलाने आईची शपथ किती वेळा मोडली हे मोजायला गेलं तर माझी सगळी वही भरेल, आणि प्रत्येक वेळी शपथ मोडल्याचं ओझं विसरायला त्याने पुन्हा ओढलेलं असतं.

पेडलरची, म्हणजे पुडी विकणाऱ्याची, उधारी आहे का, तेही विचारा. त्या धास्तीने कित्येक मुलं घराबाहेर पडायला तयार नसतात.

वेळ ठरल्यापासून ते डॉक्टर भेटेपर्यंतचे दोन-तीन दिवस अवघड असतात. या दिवसांत मी पालकांना सांगते, कोंडू नका, एकदम बंद करू नका. एकट्याने बाथरूममध्ये कडी लावून घेऊ नकोस, दारू आणि झोपेच्या गोळ्या सोबत नकोत, एवढंच त्याला बजावा. हे ऐकून काही बाप खवळतात. खवळू देत. बुधवारी मुलगा जिवंत भेटणं माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं.

मुलगी असेल तर: घरं मुलींचं व्यसन दुप्पट लपवतात आणि तिला आणखी उशिरा आणतात. या नशेत पाळी अनियमित होते किंवा थांबते, पण गर्भ राहू शकतो. त्यामुळे सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करून घ्या. दिवस गेले असतील तर एकदम सोडवणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं. अशा वेळी डॉक्टर पर्यायी औषधावर ठेवतात.

## टप्पा ३: कुठे न्यायचं

"व्यसनमुक्ती केंद्र" हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे तीन-सहा महिने आत ठेवणारी इमारत येते. पहिली पायरी ती नव्हे. पहिली पायरी मानसोपचाराची ओपीडी. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असतो. मुंबईत केईएमसारख्या रुग्णालयात व्यसनमुक्तीचा वेगळा विभाग आहे. जवळ काय आहे ते विचारायला १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मुलगा जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल किंवा तुम्हीच खचला असाल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

टोचणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली चालणारी ओएसटी केंद्रं आहेत, म्हणजे पर्यायी औषधोपचार केंद्रं. औषध मोफत. नाव उघड होत नाही.

आत ठेवण्याची गरज कधी पडते? सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचं रोजचं व्यसन असेल, आकडी येऊन गेली असेल, आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, किंवा राहतं घर म्हणजेच विक्रीचा अड्डा असेल तर. केंद्र निवडताना आधी स्वतः जाऊन या, मुलाला न घेता. आणि हे विचारा:

- राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे.
- मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? नाव काय? रात्री उलटी-आकडी झाली तर कुणाला बोलावता?
- ब्यूप्रेनॉर्फिन (गर्दच्या जागी देतात ती पर्यायी गोळी) देता का? "आम्ही औषध देत नाही, योग आणि श्रमदान करतो" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. योगाला माझा विरोध नाही, पण गर्दवर नुसता योग पुरत नाही.
- भेट आणि फोन कधी? पहिला महिना भेट बंद असेल तर का?
- सुट्टी झाल्यावर पुढचे सहा महिने कोण बघणार?

जेवणाच्या वेळी जा आणि आतल्या दोन मुलांशी बोला. सगळ्यांची डोकी भादरलेली दिसली, कुणाच्या पायाला साखळी दिसली, जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप दिसलं तर तिथून उठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजार येतात. त्यात साखळीला बंदी आहे, सक्तीने डोकं भादरण्याला बंदी आहे, आणि आतल्या माणसाला फोन-पत्राचा, भेटीचा हक्क आहे. रात्री अकरा वाजता चार जणांना पाठवून मुलाला गाडीत कोंबून नेणारी "पिकअप सर्व्हिस" कुणी देऊ केली तर नाही म्हणा. माझ्याकडे आलेला एक मुलगा असाच नेला गेला होता. सहा महिन्यांनी बाहेर आला तेव्हा तो गर्दपेक्षा आईवर जास्त चिडलेला होता. पुढची दोन वर्षं त्याने घरच्यांना दवाखान्याच्या दारात येऊ दिलं नाही.

पोलिसांची भीती: उपचाराला आणलं तर डॉक्टर पोलिसांना कळवतील, ही भीती घराघरांत आहे. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हेरॉइनचं "अल्प प्रमाण" म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. पण उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं, आणि विक्रीच्या गुन्ह्याला ते लागू नाही. केस झालीच असेल तर ओपीडीचे केसपेपर तारखांसकट जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

## टप्पा ४: टर्कीचे दिवस

पहिल्या भेटीतच एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, यकृताच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे होऊ द्या. सरकारी दवाखान्यात कावीळ बी-सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

शेवटच्या पुडीनंतर सहा ते बारा तासांत टर्की सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. हाडं कुणी पिळतंय असं दुखणं, उलट्या, जुलाब, पाय आपोआप झाडले जाणं, झोप शून्य. आठवडा-दहा दिवसांत शरीर निवळतं. झोप मात्र कित्येक आठवडे रुळावर येत नाही, आणि "सगळं बरं झालं तरी हा रात्रभर जागा का" म्हणून घरचे पुन्हा संशय घेतात. घेऊ नका.

गर्दची टर्की बहुधा जीव घेत नाही, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं तर घेऊ शकते. दोन दिवस लघवी झालेली नसताना "आता शुद्ध होतोय" म्हणत बसलेलं घर मी पाहिलंय. ओआरएस, पेज, तांदळाचं पाणी घोटघोट देत राहा. आठ तासांत लघवी झाली नाही, रक्त पडलं, शुद्ध हरपू लागली, आकडी आली, तर दवाखाना.

हा सगळा छळ सोसायची गरजही नाही. ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी टर्की बरीचशी शमवते. चूक होते ती वेळेत. ही गोळी मेंदूतल्या त्याच जागेवर गर्दपेक्षा घट्ट चिकटते. रक्तात गर्द असतानाच ती दिली तर गर्दला हुसकावून लावते आणि मिनिटांत भयंकर टर्की आणते. म्हणून शेवटच्या पुडीपासून कमीत कमी आठ-बारा तास जावे लागतात आणि जांभया, काटा, गळणारं नाक ही लक्षणं दिसावी लागतात. मेथाडोन या दुसऱ्या पर्यायी औषधावरून येणाऱ्याला त्याहून बरंच जास्त थांबावं लागतं. पोरगा "काल रात्रीच घेतलं" असं खोटं सांगून सकाळी ओढून आला तर दवाखान्यातच लोळायला लागतो, आणि मग जन्मभर सांगत फिरतो की त्या गोळीने मला मारलं. त्याला आधीच समजावा: इथे खरी वेळ सांगण्यात त्याचाच फायदा आहे.

सावधान: चहात, भाजीत चोरून मिसळायच्या "व्यसन सोडवणाऱ्या" पावडरी घेऊ नका. आत काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं. नालट्रेक्सोनसारखं, नशेची जागा अडवणारं औषध निघालं तर नशेत असलेल्या मुलाची अवस्था दवाखान्यात न्यावी लागेल इतकी बिघडते.

## टप्पा ५: पुढची गोळी, आणि घरातला मुख्य वाद

इथे निम्मी घरं मागे फिरतात. टर्की उतरली, मुलगा आंघोळ करून देवाला हात जोडून बसला, मग डॉक्टर म्हणतात की गोळी वर्षभर तरी चालू ठेवायची. बाप विचारतो, "म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरं लावणार?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देते. गर्द चार-सहा तासांत चढतं-उतरतं. दिवसभर मुलगा एकतर नशेत असतो नाहीतर पुडीच्या शोधात. ब्यूप्रेनॉर्फिन दिवसातून एकदा, कधी एक दिवसाआड. नीट बसलेल्या डोसवर तो डुलक्या घेत नाही, नोकरी करतो, परीक्षा देतो. गोळीचा असर एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, त्यामुळे एकट्या गोळीने श्वास बंद पडण्याचा धोका गर्दच्या मानाने खूप कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध आणि मेथाडोन २००५ पासून आहेत. औषधावर असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण औषध सोडलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी राहतं, आणि औषध सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सगळ्यात घातक असतात. शरीर पूर्वीचा डोस पचवायची ताकद गमावून बसलेलं असतं, हात मात्र जुन्या मापाने पुडी उघडतात. लेखाच्या सुरुवातीचा संडासातला मुलगा याच कारणाने गेला.

गोळी कशी घ्यायची, यात रोज चुका होतात. तोंडातला मावा, तंबाखू थुंकून टाकायची. पाण्याचा एक घोट घेऊन तोंड ओलं करायचं. गोळी जिभेखाली. मग पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, फोन उचलायचा नाही. गिळली की निम्म्याहून जास्त वाया. आमच्याकडे एक मुलगा रोज तक्रार करायचा की डोस पुरत नाही. एकदा समोर बसवून पाहिलं तर गोळी जिभेखाली ठेवून दुसऱ्याच मिनिटाला भावाला शिव्या घालायला सुरुवात. डोस वाढवायची गरजच पडली नाही, भावाला बाहेर बसवला. गोळी पूर्ण विरघळली की चूळ भरायची आणि तासाभराने दात घासायचे.

घरी न्यायच्या ब्यूप्रेनॉर्फिनच्या गोळीत बहुधा नॅलोक्सोन मिसळलेलं असतं. जिभेखालून ते जेमतेम शोषलं जातं. पण कुणी गोळी विरघळवून टोचली तर ते काम करतं आणि टर्की आणू शकतं. घरी नेलेल्या गोळ्या कुलपात ठेवा. लहान मुलाच्या पोटात एक गोळी गेली तरी जिवावर बेतू शकते.

दुसरा मार्ग नालट्रेक्सोनचा. ही गोळी नशेची जागाच अडवून ठेवते, ओढलं तरी चढत नाही. सुरू करण्याआधी सात-दहा दिवस अंगात अफूच्या कुळातलं काहीही नसावं लागतं. नोकरी सांभाळणाऱ्या, मनाने तयार असलेल्या आणि रोज कुणाच्या तरी समोर गोळी घेणाऱ्या मुलाला ती चालते. बाकीचे दोन आठवड्यांत सोडून देतात, आणि सोडल्यावर धोका तोच: ताकद गेलेली, माप जुनं. वीस-बावीस वर्षांच्या, रोज ओढणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी माझं मत विचारलं तर मी आधी ब्यूप्रेनॉर्फिनबद्दल डॉक्टरांशी बोला म्हणते. नालट्रेक्सोनवर असताना अपघात किंवा ऑपरेशन झालं तर डॉक्टरांना ते आधी सांगायचं, कारण नेहमीची कडक वेदनाशामकं लागू पडत नाहीत.

तपासा: डोस बसला की नाही, हे कसं ओळखायचं? दुसऱ्या दिवशीच्या गोळीच्या वेळेपर्यंत जांभया-घाम नाही, दिवसा झापड नाही, आणि "आज ओढावंसं वाटलं का" या प्रश्नाला तो न चिडता उत्तर देतो. यातलं एक जरी नसेल तर वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत दाखवा. डोस स्वतःहून कमी करू नका. लग्न जमतंय म्हणून तर मुळीच नाही.

## टप्पा ६: घरी, पहिले चार आठवडे

खोलीची आतली कडी काढा, बाथरूमचीही. हेरगिरी म्हणून नाही, वेळ आली तर दार फोडायला लागू नये म्हणून. त्याला तसंच सांगा.

रोख पैसे कमी, पण शून्य नको. रिक्षाभाडं, चहा, रिचार्ज यांचा हिशेब दोघांनी मिळून. सिमकार्ड बदला, जुने नंबर त्याने स्वतः पुसले तर उत्तम. नाका, पूल, रेल्वेरुळांशेजारची भिंत, जिथे ओढायचा तिथून जाणारा रस्ता बदला. आता चांदीच्या कागदात डबा भरू नका. हसू नका, एका मुलाची तलफ आईने दिलेल्या पोळीच्या डब्याने जागी झाली होती.

गावी पाठवणं मी सरसकट वाईट म्हणत नाही. पण गावाजवळ गोळी कुठे मिळणार हे आधी ठरवल्याशिवाय एसटीत बसवू नका. लग्न, गाडी, दुकान टाकून देणं, परदेशातल्या काकांकडे पाठवणं, हे सगळं निदान वर्षभर लांबणीवर टाका. दिवसाला मात्र आकार हवा: उठायची वेळ, गोळीची वेळ, काहीतरी काम, संध्याकाळी घाम निघेल असं काही.

या चार आठवड्यांत घरातल्या दोघांना तरी लेखाच्या सुरुवातीचा भाग तोंडपाठ हवा.

## टप्पा ७: घसरला तर

बरेच जण घसरतात. त्या दिवशी काय करायचं ते तो बरा असतानाच त्याच्याशी बोलून ठरवा आणि वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या: कुणाला फोन करायचा, कुठे जायचं, घरचे काय बोलणार नाहीत.

घसरल्याचं कळलं की आधी श्वास आणि शुद्ध बघा. ठीक असेल तर रात्री काही विचारू नका. सकाळी डॉक्टर. गोळी चालू होती का, किती दिवस चुकली, सोबत आणखी काय घेतलं, एवढंच विचारा. दोन-चार दिवस गोळी चुकून मध्ये गर्द झालेलं असेल तर घरातली उरलेली गोळी लगेच तोंडात टाकायची नाही. टप्पा ४ मधला वेळेचा नियम पुन्हा लागू होतो. केंद्राने "आता शिक्षा म्हणून गोळी बंद" असं सांगितलं तर दुसरं केंद्र शोधा. मधुमेहाच्या रोग्याने जिलेबी खाल्ली म्हणून कुणी त्याचं इन्सुलिन काढून घेत नाही.

वहीत तारीख लिहा आणि पुढे एक ओळ: त्या दिवशी काय झालं होतं. पगार, भांडण, जुना मित्र, पाऊस, दाढदुखीवर दिलेली गोळी. तीन-चार नोंदी झाल्या की मुलाला वही वाचायला द्या. कुठल्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही, हे बहुतेक वेळा तोच आधी सांगतो.